चेहऱ्याला मत कीं कामाला मत?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



बाजारांत बैल घ्यावयाचा असला तर त्याचीं रंगविलेलीं शिंगें पाहून आपण पैसे मोजीत नाहीं. दांत पाहतों, खूर पाहतों, गाड्याला जुंपून पाहतों. आपल्या बायका मडकेंसुद्धां बोटानें वाजवून घेतात. पण मताचा दिवस आला, कीं हींच शहाणीं माणसें भिंतीवरचा हंसरा चेहरा पाहून भुलतात. असें कां होतें आणि त्यांत आपलें काय जातें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

ही भूल एकट्या आपल्याच देशांतली नव्हे. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्वानांनीं २००५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. सीनेटच्या निवडणुकींतील दोन दोन उमेदवारांचे फोटो, त्यांना न ओळखणाऱ्या लोकांपुढें ठेवून विचारलें, यांत कर्तबगार कोण दिसतो? ज्याच्याकडे बोट दाखविलें, तोच दहांपैकीं सुमारें सात ठिकाणीं निवडून आलेला होता. नांव नाहीं, पक्ष नाहीं, काम नाहीं, नुसता चेहरा!

आतां याहून महत्त्वाची गोष्ट ऐका. रूप मतें मिळवितें, आणि माणसाचा पक्षहि थोडाफार ठरवितें. बर्गग्रेन, यॉर्डाल व पौटवारा या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं असें दाखविलें, कीं युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथें उजव्या पक्षांचे पुढारी डाव्या पक्षांच्या पुढाऱ्यांपेक्षां सरासरीनें अधिक देखणे असतात. उजवे म्हणजे आहे ती घडी राखावी, श्रीमंतांकडून घेऊन गरिबांस देण्याचा खटाटोप फार करूं नये, असें म्हणणारे. त्याच सालीं पीटरसन व पामर या अमेरिकन अभ्यासकांस साध्या लोकांतहि देखण्यांचा कल तिकडेच अधिक आढळला.

याचें कारण काय? देखण्या माणसाशीं जग लहानपणापासून गोड बोलतें. मजुरींतहि हा भेद आहे. अमेरिका व कॅनडांतले आंकडे १९९४ सालीं छापून आले. त्यांत कुरूप ठरलेल्यांची कमाई साधारण रूपाच्या माणसांहून कमी, आणि देखण्यांची जास्त दिसली. ज्याच्या पायांत कांटा मोडला नाहीं, त्याला वाट चांगलीच वाटणार! तो दुष्ट असतो असें नाहीं; त्याला ठेंच लागलेली नसते, इतकेंच.

आणि रूप म्हणजे तरी काय? कांहीं आईबापांकडून येतें हें खरें. पण शाबूत दांत, न करपलेली कातडी, ताठ कणा, हें पोटभर अन्नानें आणि सांवलींत बसून मिळतें. ज्याचें तोंड उन्हांत रापलें, ज्याच्या हाताला भट्टीचे चटके बसले, तो फोटोंत मागेंच पडणार. मग चेहऱ्याला मत देणें म्हणजे आपणच आपल्या चेहऱ्याला नापास करणें नव्हे काय?

देखणा तो वैरी आणि कुरूप तो कैवारी, असा उलटा अर्थ मात्र कोणी घेऊं नये. ही सरासरीची गोष्ट आहे. एकट्या माणसाची पारख तिनें होत नाहीं. अमेरिकेंत १९२० सालीं वॉरन हार्डिंग अध्यक्ष म्हणून निवडून आला. त्याचा रुबाबदार चेहरा पाहून लोक म्हणत, अध्यक्ष शोभतो खरा! त्याच्याच मंत्रिमंडळांतील अल्बर्ट फॉल सरकारी तेलाच्या जमिनींपायीं लांच खाऊन पुढें तुरुंगांत गेला. उलट अब्राहम लिंकन हा शेतकरी-सुताराचा मुलगा. त्याच्या ओबडधोबड तोंडाची वर्तमानपत्रें टवाळी करीत. गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा १८६३ सालीं काढला तो त्यानेंच.

आपल्याकडे एका नांवाच्या दोन उमेदवारांत घोटाळा होऊं नये म्हणून १ मे २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापतात. सोय चांगली आहे. पण फोटो ओळखण्यासाठीं आहे, पारखण्यासाठीं नव्हे. २०११ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत असें दिसलें, कीं ज्याला राजकारणाची माहिती कमी आणि जो टेलिव्हिजनपुढें अधिक बसतो, त्यालाच चेहऱ्याची भुरळ जास्त पडते. म्हणजे या रोगावर औषध एकच, माहिती!

ती माहिती मिळण्याची वाट २००३ पासून खुली आहे. आमदारकी-खासदारकीच्या प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रांत लिहून द्यावे लागतात, आणि तें कोणालाहि पाहतां येतें. गांवांतल्या शिकलेल्या मुलांनीं तें आणून चावडीवर मोठ्यानें वाचावें. बायांनींहि ऐकावें, त्यांचें मतहि तितकेंच मोलाचें आहे. मग उमेदवार दारीं आला म्हणजे विचारावें: पाण्यासाठीं काय केलेंत? आमच्या मालाच्या भावासाठीं कधीं तोंड उघडलेंत काय? उत्तर देतांना तो हंसला, तर हंसूं द्यावें. आपण उत्तर मोजावें, हंसणें मोजूं नये.