दोन कागद
(वार्षिक सभेत कार्यकारिणीच्या वतीने झालेले भाषण)



गणपती जवळ आले की आपली हिशेबाची वही उघडते. यंदा ती उघडण्याआधी आम्ही दोन कागदांची आठवण करून देणार आहोत.

पहिला कागद पुण्याचा. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचेच दिवस. शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांच्या चिठ्ठीतल्या 'धरावे'चे 'मारावे' झाले, असे परंपरा सांगते. 'ध'चा 'मा' करणारा हात पडद्याआड राहिला आणि दादा पेशवे झाले. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. पुढे बारभाईंनी दादांना दूर केले. ते इंग्रजांकडे गेले. १७७५चा सुरतेचा तह, मग युद्ध, ते थेट १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत. एका घरात झाकलेले पाप साऱ्या राज्याला फेडावे लागले.

दुसरा कागद आपल्या माळव्याचा. मालेराव गेल्यावर होळकरांची दौलत घेण्यासाठी हेच दादा फौजेनिशी इकडे आले होते. अहिल्याबाईंचा निर्धार पाहून त्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर १७९५पर्यंत बाईंनी राज्य केले, तेही महेश्वरातून. आज्ञापत्रावर स्वतःच्या नावाऐवजी 'श्रीशंकर' असे. राज्य देवाचे, आपण कारभारी. दौलत निराळी आणि खासगी निराळी. काशी-सोमनाथची देवळे उभी राहिली ती खासगीतून. देवाचे नाव घातलेल्या कागदावर अक्षर कसे बदलणार?

आता आपली वही. तीन वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध सभासदांनी महाप्रसादासाठी दिलेली देणगी आम्ही मंडपाची उधारी फेडायला वापरली. पैसा कोणी घरी नेला नाही, पण वहीत 'महाप्रसाद' असेच लिहिले. पुढे सांगू, पुढे सांगू म्हणता म्हणता ते गृहस्थ गेले. तेव्हापासून सभेत कोणी हिशेबाचा प्रश्न विचारला की आम्ही चिडू लागलो. हळूहळू लोकांनी विचारणेच सोडले, आणि वर्गणीला जाताना आमचीच मान खाली जाऊ लागली. झाकलेल्या गोष्टीचे फळ आम्हाला असे मिळाले.

वहीच्या पहिल्या पानावर आपण दरवर्षी 'श्री' लिहितो. ती सहीच आहे, हे आम्ही विसरलो होतो. आम्ही सर्वांनी मिळून ती रक्कम भरली आहे. जुनी नोंद खोडलेली नाही. तिच्याखाली खरी नोंद लिहून सह्या केल्या आहेत. देणगीदारांच्या घरी जाऊन क्षमाही मागितली. त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "यंदा त्यांच्या नावाने पंगत वाढा."

ती पंगत यंदा बसेल. वही मखराशेजारी दहाही दिवस उघडी राहील. कृपया वाचा, आणि खटकेल ते विचारा.

गणपती बाप्पा मोरया!