शिकणें आणि शिकलेलें दाखविणें



मूल शिकतें म्हणजे नेमकें काय होतें, हा प्रश्न आपल्या घराघरांत रोज उभा राहतो. मात्र आपण तो प्रश्न म्हणून विचारीत नाहीं. "पाढे रोज दहा वेळां म्हणून घ्या, आपोआप बसतील," असें आजोबा सांगतात. "अर्थ कळल्यावांचून घोकून काय उपयोग?" असें आई म्हणते. कोणी पहिल्या नंबरासाठीं सायकल कबूल करतो, कोणी नुसता धाक पुरे समजतो. या साध्या घरगुती वादामागें मानसशास्त्रांतील दोन मोठे पंथ उभे आहेत. त्या पंथांची, आणि त्यांच्यामध्यें पूल बांधणाऱ्या एका विचाराची, आज आपणांस ओळख करून द्यावी असा माझा हेतु आहे.

पहिला पंथ संवयीचा. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ सालीं मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेल्या मांजराला तो लांकडी पेटींत कोंडी व बाहेर अन्न ठेवी. आंतली दोरी ओढली किंवा खिटी दाबली म्हणजे पेटीचें दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडी, चावे, धडपडे. त्या धडपडींत केव्हां तरी दोरीला पंजा लागे आणि त्याची सुटका होई. हाच प्रकार पुनःपुन्हां केला असतां व्यर्थ धडपड कमी होत जाई आणि सुटकेला लागणारा वेळ हळूहळू घटे. ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक, ती कृति दृढ होते. जिच्यापासून समाधान नाहीं, ती गळून पडते, असा नियम थॉर्नडाइकनें मांडला. १९१३ सालीं वॉट्सन यानें याच्याहि पुढें पाऊल टाकलें. मन, जाणीव, हेतु हे शब्दच शास्त्रांतून काढून टाकावे आणि डोळ्यांना दिसणारें वर्तन तेवढें मोजावें, असा त्याचा आग्रह होता. यालाच वर्तनवाद म्हणतात. या मताप्रमाणें शिकणें म्हणजे बाहेरची चेतना आणि आंतून उठणारी प्रतिक्रिया यांची गांठ पक्की बसणें. त्यापलीकडे कांहीं नाहीं.

दुसरा पंथ समजुतीचा. कोहलर हा जर्मन शास्त्रज्ञ १९१३ सालीं टेनेरीफ बेटावर गेला आणि पहिल्या महायुद्धामुळें तेथेंच अडकून पडला. तेथें त्यानें चिंपांझींचें बारकाईनें निरीक्षण केलें. सुलतान नांवाच्या चिंपांझीला पिंजऱ्याबाहेरचें फळ हवें होतें. जवळ दोन पोकळ काठ्या होत्या, पण एकहि फळापर्यंत पोंचेना. बराच वेळ खटपट करून त्यानें नाद सोडला. पुढें काठ्यांशीं सहज खेळतां खेळतां एकीचें टोंक दुसरीच्या पोकळींत बसलें. त्यासरशी तो उठला, गजांकडे धांवला आणि त्या लांब काठीनें फळ ओढूं लागला. काठ्या जुळल्या त्या योगायोगानें असतील. पण जुळलेल्या काठीचा उपयोग त्याला कोणी घोकवून शिकविला नव्हता. सुटे भाग एकत्र येऊन त्यांचा अर्थ एकदम त्याच्या ध्यानांत आला होता.

एक पक्ष म्हणे, मनाचें नांव काढूं नका. दुसरा म्हणे, मन वगळून शिकण्याचें वर्णनच करतां येणार नाहीं. या दोघांमध्यें उभा राहिला तो एडवर्ड टोलमन. याचा जन्म १८८६ चा. आधीं त्यानें विद्युत्-रसायनाचा अभ्यास केला, मग तो हार्वर्ड येथें मानसशास्त्राकडे वळला. विद्यार्थिदशेंत, १९१२ सालीं, तो जर्मनींत गीसन येथें कॉफ्का या समजुतवाद्याच्या सहवासांत राहून आला होता. १९१८ पासून त्यानें कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, अध्यापन केलें. टोलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवी. प्राण्याच्या मनांत डोकावतां येत नाहीं, जें मोजावयाचें तें वर्तनच, हें त्याला पूर्ण मान्य होतें. परंतु वर्तनाकडे नीट पाहिलें तर हेतु त्यांतच दिसतो, असें त्याचें म्हणणें. उंदराची एक वाट बंद करा, तो दुसरी शोधतो. अन्न मिळालें कीं थांबतो. या वर्तनाचें वर्णन "अन्नासाठीं" हा शब्द टाळून कसें करणार? १९३२ सालीं त्यानें प्राणी व मनुष्य यांच्या सहेतुक वर्तनावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो पांढऱ्या उंदराला अर्पण केला. यांत विनोद होता आणि प्रामाणिक ऋणनिर्देशहि होता.

आतां त्या उंदरांनीं काय शिकविलें तें पाहूं. बर्कली येथेंच ब्लॉजेटनें १९२९ सालीं जो शोध लावला, तो टोलमन व हॉन्झिक यांनीं १९३० सालीं अधिक ठसठशीत करून दाखविला. त्यांनीं चौदा फांट्यांचा एक चक्रव्यूह घेतला. प्रत्येक फांट्यावर एक वाट पुढें नेणारी, एक बंद. भुकेल्या उंदरांच्या तीन तुकड्या केल्या आणि प्रत्येक उंदराला रोज एकदां त्यांत सोडलें. पहिल्या तुकडीला शेवटीं रोज अन्न मिळे. तिच्या चुका दिवसेंदिवस घटत गेल्या. दुसऱ्या तुकडीला चक्रव्यूहांत अन्न कधींच ठेवलें नाहीं. ते उंदीर इकडे तिकडे भटकत आणि त्यांच्या चुका थोड्याच कमी झाल्या. तिसऱ्या तुकडीला पहिले दहा दिवस कांहीं दिलें नाहीं. अकराव्या दिवशीं प्रथमच शेवटल्या खान्यांत अन्न ठेवलें.

दहा दिवसपर्यंत ही तिसरी तुकडी अगदीं दुसरीसारखीच दिसत होती. कोणी परीक्षक आला असता तर त्यानें या उंदरांना निःसंशय 'ढ' ठरविलें असतें. संवय बक्षिसानेंच बनते हें खरें असतें, तर यांनीं अकराव्या दिवसापासून श्रीगणेशा करावयास हवा होता आणि त्यांच्या चुका पहिल्या तुकडीप्रमाणेंच सावकाश घटावयास हव्या होत्या. परंतु बाराव्या दिवशीं त्यांच्या चुका एकदम कोसळल्या, आणि नेहमीं बक्षीस मिळविणाऱ्या तुकडीच्या बरोबरीला ते येऊन पोंचले. अन्न एकदांच मिळालें होतें. एका घांसानें चौदा फांटे शिकवितां येत नाहींत. याचा अर्थ उघड आहे: त्या दहा दिवसांच्या भटकण्यांत ते वाटा शिकतच होते, दाखविण्याचें कारण तेवढें त्यांना पडलें नव्हतें.

वर्तनवाद्यांनीं अर्थात् हरकती घेतल्या. चक्रव्यूहाच्या शेवटीं उचलून घरच्या पिंजऱ्यांत नेणें हेंहि एक बक्षीसच नव्हे काय, असें त्यांनीं विचारलें. हरकत गैरवाजवी नव्हती. दुसऱ्या तुकडीच्या चुका थोड्याशा घटल्या होत्याच. परंतु बाराव्या दिवसाची ती उडी तिनें उलगडत नाहीं. टोलमननें घातलेला हा भेद, शिकणें वेगळें आणि शिकलेलें दाखविणें वेगळें, मानसशास्त्रांत कायमचा राहिला. बक्षीस ज्ञान आंत घालतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें आंत असलेलें बाहेर काढतें.

मग आंत असतें तें काय? टोलमनचें उत्तर असें: डाव्या-उजव्या वळणांची माळ नव्हे, तर जागेचा एक नकाशा. पेठेंत वाढलेल्या मुलाला ठराविक रस्ता खणलेला दिसला, तर तें रडत उभें राहत नाहीं. कधीं न वापरलेल्या बोळांतून शाळा गांठतें. १९४६ सालीं टोलमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं उंदरांची शिकलेली वाट बंद केली आणि त्यांच्यापुढें किरणांसारख्या पसरलेल्या अठरा नव्या वाटा ठेवल्या. सर्वांत जास्त उंदीर पूर्वीं अन्न असे त्या जागेजवळ नेणाऱ्या वाटेनें गेले. या प्रयोगांत अन्नाच्या बाजूला एक दिवा होता, तेव्हां उंदीर दिव्याच्या रोखानें गेले असतील, अशी शंका पुढें टीकाकारांनीं काढली. मात्र नकाशाची कल्पना त्या एका प्रयोगावर उभी राहिली नाहीं. १९७१ सालीं लंडन येथें ओकीफ व दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या मेंदूंतील हिपोकॅम्पस या भागांत अशा पेशी आढळल्या कीं, उंदीर एका विशिष्ट जागीं आला म्हणजेच त्यांतली विशिष्ट पेशी जागी होते. या शोधाबद्दल ओकीफ यांना, मोझर पतिपत्नींसह, २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. टोलमन १९५९ मध्येंच निवर्तला होता.

तर मग संवयवाद्यांचें म्हणणें खोटें ठरलें काय? मुळींच नाहीं; आणि या कथेंतला मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग हाच आहे. १९९६ सालीं पॅकार्ड व मॅकगॉ यांनीं अधिकाच्या चिन्हासारख्या चौवाटेवर उंदरांना एका बाजूनें सोडून ठराविक बाजूला अन्न शोधावयास शिकविलें. मग परीक्षेसाठीं त्यांना समोरच्या बाजूनें सोडलें. उंदीर जागा जाणत असेल तर तो त्याच जागीं जाईल. नुसतें वळण शिकला असेल तर तेंच वळण घेऊन भलत्याच बाजूला जाईल. आठव्या दिवशीं बहुतेक उंदीर जागेकडे गेले. सोळाव्या दिवशीं बहुतेकांनीं वळण घेतलें. म्हणजे आधीं नकाशा, मग संवय. परंतु सोळाव्या दिवशीं संवयीशीं संबद्ध असलेला मेंदूचा भाग औषधानें कांहीं काळ बधिर केला, तेव्हां ते उंदीर पुन्हां जागेकडे वळले. नकाशा पुसला गेला नव्हता. संवयीच्या खालीं तो शाबूत होता. दोन पंथ अर्धें शतक ज्यासाठीं भांडले, तीं दोन्हीं शिकणीं एकाच मस्तकांत शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

उंदरांवरून मुलांकडे येतांना सावधपणा हवा. परंतु शिकणें आणि दाखविणें हा भेद मुलांतहि दिसून आला आहे. १९६५ सालीं बांडुरा यांनीं बालवाडीच्या वयाच्या ६६ मुलांना एक फिल्म दाखविली. तींत एक मोठा माणूस हवेनें फुगविलेल्या बाहुल्याला मारतो, ढकलतो, शब्द उच्चारतो. शेवट मात्र तीन प्रकारचे होते: कांहीं मुलांना त्या माणसाची शाबासकी दिसली, कांहींना त्याला झालेली शिक्षा, कांहींना दोहोंपैकीं कांहींच नाहीं. नंतर तसल्याच खेळण्यांत सोडल्यावर शिक्षा पाहिलेल्या मुलांनीं अनुकरण कमी केलें. धाकानें काम झालें, असें आपण म्हणालों असतों. परंतु त्यानंतर मुलांना सांगितलें कीं, तो काय काय करीत होता तें करून दाखवाल तर चित्रें व फळांचा रस मिळेल. आणि तिन्ही गटांतला फरक नाहींसा झाला. शिक्षा पाहिलेलीं मुलेंहि सारें शिकलीं होतीं. भीतीनें त्यांचें शिकणें थांबलें नव्हतें, दाखविणें थांबलें होतें.

आपण घरांत मुलांसमोर जें बोलतों, नोकरमाणसाशीं जसें वागतों, तें मूल शिकत नाहीं कारण तें तसें करीत नाहीं, असा भरंवसा म्हणूनच कोणी बाळगूं नये.

शेवटीं टोलमनचा एक इशारा सांगतों. १९४८ सालीं लिहिलेल्या 'उंदीर व मनुष्य यांचे बोधात्मक नकाशे' या लेखांत त्यानें म्हटलें आहे कीं, नकाशे दोन प्रकारचे असतात: एक अरुंद पट्टीसारखे, एक विस्तृत. अरुंद नकाशावर प्राणी ठराविक वाटेनें झपाट्यानें जातो, पण परिस्थिति थोडी बदलली कीं त्याची गति खुंटते. नकाशा अरुंद कशानें होतो? मेंदूला इजा झाल्यानें, भोंवतालीं खुणा अपुऱ्या असल्यानें, एकाच वाटेची अतोनात आवृत्ति केल्यानें, आणि गरज किंवा निराशा फार तीव्र असल्यानें. माणसाचा द्वेष, हट्ट, परक्याविषयींचा आकस यांचा संबंधहि त्यानें अशा अरुंद नकाशांशीं लावला. हें सिद्ध झालेलें शास्त्र नव्हे, एका विचारी माणसाचें अनुमान होय. परंतु शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसाला तें ओळखीचें वाटतें. पुस्तकांतलें उदाहरण बिनचूक सोडविणारा आणि त्यांतले आंकडे तेच ठेवून नुसती भाषा बदलली कीं थबकणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकानें पाहिलेला असतो. त्याला बुद्धि कमी नसते. त्याला एकाच वाटेनें, फार घाईनें आणि फार भीतीनें नेलेलें असतें.

म्हणून आजोबा आणि आई या दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा आणि प्रमाणाचा. पाढे पाठ व्हावयास हवेतच. पण चिंचोके मांडून तीन चोक बारा कां होतात, हें मुलानें आधीं हातानें पाहिलेलें असावें, म्हणजे संवय विसरली तरी खालचा नकाशा हातीं राहील. बक्षीस द्यावें, पण तें न देतां मूल शिकतच नाहीं असें मानूं नये. त्याला थोडें भटकूं द्यावें. आणि प्रगतिपुस्तक हातांत घेऊन आपल्या मुलाला 'ढ' म्हणण्यापूर्वीं प्रत्येक आईबापानें स्वतःला एवढेंच विचारावें: हा आज कितवा दिवस आहे, दहावा कीं बारावा?