सरळ रेषेवर बसलेले बिंदू

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



काल वाशिमला उतरले आणि आधी आपली प्रयोगशाळा पाहून आले. दहावीत तिथे ओहमच्या नियमाचा प्रयोग करताना आमच्या अमीटरचा काटा अडकत होता. मी पाच रीडिंग मनानेच लिहिली आणि आलेख झकास सरळ काढला. सरांनी अमीटरला टिचकी मारली, वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काऊन वं, काटा हालत नाई अन् तुही रेघ एवढी सरळ कशी?" वर्ग हसला. प्रयोग पुन्हा करावा लागला.

सकाळपासून सगळे विचारताहेत, तू नेमकं करतेस काय? सांगते.

गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकात दोन थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनांचा पातळ पत्रा तयार होतो. तो उणे २७३ अंश सेल्सिअसच्या जवळ थंड करून जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा. मैदानाच्या मधोमध फुगडी घालणाऱ्या मुलींसारखे आतले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गिरक्या घेतात. भिंतीलगत मात्र गिरकी पुरी होत नाही. तिथले इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटत एकाच दिशेने पुढे सरकतात. त्या कडेवर मागे फिरायला वाटच नसते. म्हणून प्रवाहाला आडवा मोजलेला रोध स्फटिकातल्या बारीकसारीक दोषांनी बदलत नाही. तो २५,८१२.८ ओहम किंवा त्याला पूर्णांकाने भागून येणारा असतो. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी हे १९८० साली शोधलं. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे १९८२ साली याच्या तिप्पट रोधही सापडला. तिथे इलेक्ट्रॉन सुटे वागत नाहीत, एकमेकांना सांभाळून चालतात.

ही कडेवरची गर्दी कशी वागते, ते मी पाहते. कडेला अतिशय पातळ अडसर ठेवायचा. पुंजभौतिकीच्या नियमाने काही इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात. यालाच टनेलिंग म्हणतात. नव्या इलेक्ट्रॉनला जागा द्यायची तर सगळ्या गर्दीला सरकावं लागतं. त्यामुळे तिथे ओहमचा नियम चालत नाही. शिआओ-गांग वेन यांच्या सिद्धान्तानुसार, त्या तिप्पट रोधाच्या अवस्थेत व्होल्टेज दुप्पट केलं तर प्रवाह आठपट व्हायला हवा, म्हणजे घातांक ३. चँग, फायफर आणि वेस्ट यांनी १९९६ साली मोजला, तेव्हा घातांक २.७ च्या आसपास आला. म्हणजे साधारण साडेसहापट. त्यांनी २.७ च छापला. हा फरक का पडतो, यावर पुढे कितीतरी काम झालं.

माझ्या पहिल्या आलेखात वक्र छान आला होता, पण खालचे चार बिंदू त्याला सोडून चक्क सरळ रेषेवर बसले. ते वगळले असते, तर कुणाला कळलं नसतं. लेख जवळजवळ लिहून झाला होता. रात्री दोन वाजता त्या बिंदूंकडे पाहताना मला सरांची टिचकी आठवली.

बिंदू ठेवले आणि कारण शोधलं. इलेक्ट्रॉनांची उष्णता व्होल्टेजवर वरचढ ठरली, की पुन्हा ओहमचा नियम दिसू लागतो. म्हणजे थर्मामीटर सांगत होता त्याहून माझे इलेक्ट्रॉन गरम होते! बाहेरच्या तारांतून विद्युत गोंगाट आत शिरत होता. तारांना फिल्टर बसवले, सगळं मोजमाप पुन्हा केलं. चार महिने गेले. पण पहिल्या आलेखातला माझा घातांकही चुकीचा होता, हे तेव्हा कळलं. ते चार बिंदू खोडले असते, तर ती चूक माझ्या नावाने छापली गेली असती.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात, म्हणून हे सांगायचं धाडस केलं.

आपल्या निधीतून प्रयोगशाळेला नवे अमीटर येणार आहेत. चांगलंच आहे. फक्त एक अडकणारा तिथे राहू द्या, एवढी विनंती करते आणि थांबते.