धंदा मराठीत आणणारे शंकरराव



राजुरास मी मास्तरकी करीत असताना एक कामगार कामावरील सूचनांचा इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे येई. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मी अर्थ सांगे. एकदा तो चुकला. बिचाऱ्याचे बोट थोडक्यात बचावले! तेव्हा मला शंकरराव किर्लोस्करांचे मोल कळले. चित्रकला शिकलेले हे गृहस्थ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात आले, १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले, पुढे ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ हे पुस्तक लिहिले. कारखान्याची विद्या शेतकऱ्यास, दुकानदारास उमजेल अशा मराठीत आणणे, हे भाषांतरच नव्हे काय? आपल्या समाजाचे कित्येक तरुण आज व्यवस्थापक आहेत. त्यांनी असे कागद मराठीत करावेत. शुद्धलेखन मी तपासून देईन. अर्थ मात्र त्यांनीच पाहावा.