पांढऱ्या कावळ्याची नोंद
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



काळेपणाला उपमा द्यायची झाली की मराठी माणसाला प्रथम कावळा आठवतो. त्यामुळे अंगणातल्या तारेवर एखादा पांढरा कावळा येऊन बसला, की पाहणारा चपापतो. कोणी त्यात शकुन पाहतो, कोणी अपशकुन; कोणी शेजाऱ्यांना हाक मारतो, तर कोणी त्याला पकडण्याची खटपट करू लागतो. या सगळ्या गडबडीत तो पक्षी तसा का झाला, हा मूळ प्रश्न मात्र मागेच राहतो.

उत्तर शोधायचे तर पक्ष्याच्या रंगाचे मूळ पाहावे लागते. पिसांतील काळा, करडा व तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. त्याचे दोन प्रकार आहेत : काळ्या-करड्या छटा देणारे युमेलॅनिन आणि तांबूस-बदामी छटा देणारे फिओमेलॅनिन. हळद्यासारख्या पक्ष्याचा पिवळा रंग आहारातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. नीलकंठाच्या पंखांवरील निळाईला मात्र निळे रंगद्रव्य नसतेच. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो आणि आपल्या डोळ्यांना निळा रंग दिसतो. या तीन व्यवस्थांपैकी एखादीत बिघाड झाला, की ओळखीचा पक्षी अनोळखी दिसू लागतो.

पोपटाचे उदाहरण घ्या. त्याचा हिरवा रंग हा पिवळे रंगद्रव्य आणि निळी भासणारी पिसांची रचना यांचा मिलाफ आहे. ही निळाई उठून दिसण्यासाठी तिच्यामागे मेलॅनिनचा काळा पडदा लागतो. तो पडदाच नाहीसा झाला तर निळाई लोपते आणि लिंबासारखा पिवळा, लाल डोळ्यांचा पोपट जन्मतो. पिंजऱ्यातून पाळले जाणारे पिवळे पोपट असेच निपजलेले असतात.

पांढरा पक्षी दिसला की त्याला सरसकट ‘अल्बिनो’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील पक्षिसंग्रहाचे अभ्यासक हाइन व्हान ग्राउव यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या लेखाचा विषयच असा होता, की प्रत्येक पांढरा पक्षी अल्बिनो नसतो. खऱ्या अल्बिनो पक्ष्याच्या शरीरात टायरोसिनेज हे विकर कार्य करीत नाही. त्यामुळे पिसांत, त्वचेत आणि डोळ्यांतही मेलॅनिन तयार होत नाही. डोळे गुलाबी दिसतात, प्रकाश सोसत नाही, अंतराचा अंदाज चुकतो. असे पिल्लू घरट्याबाहेर पडल्यावर फार दिवस तगत नाही. म्हणून महिनोन्‌महिने बागेत येणारा, काळ्या डोळ्यांचा पांढरा पक्षी बहुधा दुसऱ्याच कोणत्या प्रकारातला असतो.

त्यातला एक प्रकार ल्युसिझमचा. यात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गर्भावस्थेतच त्वचेच्या काही भागांत किंवा सर्वत्र पोहोचत नाहीत. हे वैगुण्य आनुवंशिक असते आणि पहिल्या पिसांपासूनच दिसते. दुसऱ्या प्रकारात पक्षी जन्मतः नेहमीच्याच रंगाचा असतो. पुढे वयामुळे वा आजारामुळे प्रत्येक पीसगळीनंतर त्याची पांढरी पिसे वाढत जातात. माणसाचे केस पिकावेत तसाच हा प्रकार. तिसरा प्रकार ‘ब्राउन’ नावाने ओळखला जातो. त्यात युमेलॅनिन पूर्ण पक्व होत नाही. काळा पक्षी कॉफीच्या रंगाचा दिसतो आणि उन्हाने पिसे विटत जाऊन जवळजवळ पांढरा भासतो. शहरातील कावळ्यांच्या पंखांवर कधी कधी पांढरे पट्टे दिसतात, त्यांचे कारण निकृष्ट आहारही असू शकते. आहार सुधारला तर नवी पिसे पुन्हा काळी येतात.

मेलॅनिन हे केवळ शोभेचे द्रव्य नव्हे. त्यामुळे पिसांना बळकटी येते. पांढऱ्या करकोच्याच्या पंखांची टोके काळी असतात, ती उगीच नव्हेत. उड्डाणात सर्वाधिक झीज तिथेच होते. रंग हरवलेल्या पक्ष्याची पिसे लवकर झिजतात, शिक्र्यासारख्या शत्रूच्या नजरेत तो आधी भरतो आणि स्वजातीयही कधी त्याला टोचून हाकलतात. आपल्याला जे अप्रूप वाटते, ते त्याच्यासाठी जगण्याचे ओझे असते.

निरीक्षकाने आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. वेगळा दिसणारा प्रत्येक पक्षी विकृत रंगाचा नसतो. जांभळ्या शिंजीराचा नर विणीचा हंगाम सरल्यावर मादीसारखा पिवळसर होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. गायबगळा विणीच्या काळात डोक्यावर केशरी होतो. आणि ज्याला मराठीत स्वर्गीय नर्तक म्हणतात, तो मध्य प्रदेशचा राज्यपक्षी दूधराज! त्याच्या प्रौढ नराची शुभ्र पिसे व लांब शेपूट हा त्याचा स्वाभाविक वेषच आहे. माळव्यातल्या एखाद्या आमराईत तो प्रथमच दिसला, तर नवख्याला पांढऱ्या बुलबुलाचा भास व्हायचा. शिवाय बाजारात मुनियांना रंग फासून विकण्याचा दुष्ट प्रकारही चालत आला आहे. तसा सुटलेला पक्षी बागेत आला तर निसर्गाचा चमत्कार समजण्याची घाई नको.

वेगळेपणाकडे कसे पाहावे, याचा धडा डॉ. सालिम अली यांच्या बालपणात आहे. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. कुतूहलापोटी ते ती घेऊन १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलार्ड यांनी ती वेगळ्याच जातीची, पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहातील पक्ष्यांची कपाटे त्या मुलापुढे उघडली. त्या दिवशी त्याला हसून परत पाठवले असते, तर भारतीय पक्षिशास्त्राचे केवढे नुकसान झाले असते!

आज कुतूहलासाठी बंदुकीची गरज उरलेली नाही. वही, पेन्सिल आणि धीर पुरेसा आहे. दिनांक, वेळ, स्थळ, डोळ्यांचा रंग, चोच व पायांचा रंग, पांढरी पिसे दोन्ही बाजूंना सारखी आहेत की विखुरलेली, सोबतचे पक्षी त्याच्याशी कसे वागतात, पुढच्या पीसगळीनंतर काय बदल झाला, एवढे टिपले तरी अभ्यासकाला मोल आहे. भारतात २०१३ पासून दर फेब्रुवारीत होणाऱ्या परसातील पक्षिगणनेत सामान्य नागरिकच नोंदी करतात. मात्र घरट्याचा ठावठिकाणा गाजवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी पकडणे गुन्हा ठरतो. पांढरा कावळा वा बदामी साळुंकी पिंजऱ्यात घालण्याचे पुण्य तर कोणत्याच शास्त्रात सांगितलेले नाही.

शंभर वर्षे या संस्थेने पुस्तकांची नोंद ठेवली : कोणते आले, कोणी वाचले, कोणते जीर्ण झाले. पुस्तकांच्या त्या नोंदवहीशेजारी परिसरातल्या पक्ष्यांचीही एक वही असावी. जुन्या चिंचेवर आलेल्या एखाद्या कबऱ्या कावळ्याचे चार ओळींचे वर्णन त्यात उतरले, तर पुढच्या शतकातील वाचकाला कळेल, की येथील सभासद खिडकीबाहेरही लक्षपूर्वक वाचत होते.