तेरा सेकंद आणि एक नाणं



आज मी एका शनिवार-रविवारबद्दल बोलणार आहे. तारखा २२ आणि २३ जानेवारी २०२२. अमेरिकन फुटबॉलची जी मोठी व्यावसायिक लीग आहे, एनएफएल, तिच्या बाद फेरीतले चार सामने त्या दोन दिवसांत झाले. चारही सामन्यांचा निकाल अगदी शेवटच्या खेळीवर लागला. पाहुण्या संघांनी त्यातले तीन जिंकले. चौथ्यात माझा संघ हरला, आणि त्या हरण्यावरून या खेळाचा एक नियम बदलला. मला बोलायचंय ते त्या नियमाबद्दल. पण तिथे पोचायचं तर बाकीच्या तीन सामन्यांवरूनच जावं लागेल.

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी इंदूरला राहते आणि बफेलो बिल्सची चाहती आहे. माझी मावसबहीण बफेलोच्या बाजूला राहते, तिच्यामुळे हे खूळ लागलं. बिल्सचा चाहता होणं म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगते. १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं हा संघ सुपर बोल म्हणजे अंतिम सामना खेळला, आणि चारही वेळा हरला. त्यातला पहिला तर फक्त एका गुणाने. शेवटच्या क्षणी ४७ यार्डांवरून मारलेली किक उजवीकडून बाहेर गेली. तर आम्हाला हरायची सवय आहे. तरीही २०२२ चं हरणं वेगळं होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोनच मिनिटं. शंभर यार्डांचं मैदान, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकला, की पुन्हा चार. समोरच्याच्या टोकापर्यंत चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण. त्यावर एक किंवा दोन गुण जादा मिळवता येतात. तेवढं जमलं नाही, तर लांबून खांबांच्या मधून किक मारायची, तो फील्ड गोल, तीन गुण. कबड्डीसारखंच समजा. एकाची चढाई, दुसऱ्याचा बचाव, मग उलट. ही आलटून-पालटून येणारी पाळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शनिवार. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट, तीन वाजलेले. नॅशव्हिलमध्ये टेनेसी टायटन्स विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, जो बरो. त्याला टेनेसीच्या बचावाने नऊ वेळा, हातातून चेंडू सुटायच्या आत, जमिनीवर पाडलं. नऊ वेळा! एवढा मार खाऊन संघ सहसा जिंकत नाही. पण टेनेसीच्या रायन टॅनेहिलने सामन्यातला पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला, आणि बरोबरी असताना, वीसच सेकंद उरले असताना, पुन्हा तेच केलं. मग बावीस वर्षांचा, पहिलाच हंगाम खेळणारा इव्हान मॅकफर्सन आला आणि त्याने ५२ यार्डांवरून किक मारली. १९-१६. सिनसिनाटीच्या एकोणीसपैकी तेरा गुण या एका मुलाच्या पायातून आले होते. बाहेरच्या मैदानावर बाद फेरीचा सामना जिंकायची त्या संघाची ही पहिलीच वेळ.

माझं मत? टेनेसी नशिबाने हरली नाही. नऊ वेळा समोरच्याला पाडूनही ज्यांना सोळाच गुण जमतात, त्यांनी नशिबाला बोल लावू नये.

दुसरा सामना ग्रीन बेला. बर्फ पडत होता. घरचा संघ पॅकर्स, सूत्रधार ॲरन रॉजर्स, जो त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. समोर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स. पाच मिनिटं उरली तेव्हा पॅकर्स १०-३ ने पुढे. आणि पॅकर्सने चेंडू लांब टोलवायला किक मारली, तीच अडवली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टालानोआ हुफांगाने सुटा चेंडू उचलला आणि टचडाऊन केला. बरोबरी. शेवटी रॉबी गूल्डने ४५ यार्डांवरून किक मारली, १३-१०. सॅन फ्रान्सिस्कोच्या आक्रमणाने अख्ख्या सामन्यात एकही टचडाऊन केला नव्हता! आणि त्या शेवटच्या किकच्या वेळी बचावाला पॅकर्सची अकरा नाही, दहाच माणसं मैदानात होती.

लग्नाच्या पंगतीत पक्वान्नं मोजून ठेवायची आणि पाणी वाढायला माणूसच नेमायचा नाही, तसं हे झालं. किक मारणारी, किक अडवणारी जी तुकडी असते तिच्याकडे सामन्यात फारसं कुणाचं लक्ष नसतं. त्या शनिवारी दोन्ही सामने याच तुकड्यांनी ठरवले.

रविवारी टँपा बेला बकनीयर्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स. टँपाकडे टॉम ब्रेडी, वय ४४. रॅम्स २७-३ ने पुढे. मी झोपायला जाणार होते, खरं सांगते. पण रॅम्सने त्या सामन्यात चार वेळा चेंडू हातातून सांडून गमावला, आणि ब्रेडीसमोर असं करून चालत नाही. ४२ सेकंद राहिले असताना २७-२७. आता सामना जादा वेळेत जाणार असं वाटलं. पण मॅथ्यू स्टॅफर्डने कूपर कपला आधी २० आणि मग ४४ यार्डांचा पास दिला. त्या ४४ यार्डांच्या पासच्या वेळी टँपाने मागे राखण ठेवायची सोडून जास्तीची माणसं स्टॅफर्डच्या अंगावर पाठवली होती. चोवीस गुणांची पिछाडी भरून काढलेल्या संघाने तेव्हा धीर धरायला हवा होता, असं मला अजून वाटतं. ३० यार्डांची किक, ३०-२७. पुढे हाच रॅम्स संघ सुपर बोल जिंकला.

आणि मग कॅन्सस सिटी. आपल्याकडे सोमवारची पहाट, पाच वाजता सुरू. चीफ्स विरुद्ध बिल्स. पॅट्रिक माहोम्स विरुद्ध जॉश ॲलन.

या सामन्याची शेवटची दोन मिनिटं मी तोंडपाठ सांगू शकते. चीफ्स २६-२१ ने पुढे. बिल्सचा चौथा प्रयत्न, तेरा यार्ड हवेत. ॲलनने गेब्रियल डेव्हिसला २७ यार्डांचा टचडाऊन पास दिला, वर दोन गुणही मिळवले. २९-२६. मिनिटभरात माहोम्सकडून टायरीक हिलला ६४ यार्डांचा टचडाऊन पास. चीफ्स ३३-२९. पुन्हा ॲलन, पुन्हा डेव्हिस, त्याचा त्या सामन्यातला चौथा टचडाऊन. बिल्स ३६-३३. घड्याळात उरले तेरा सेकंद.

तेरा सेकंद, मंडळी. एवढ्या वेळात आपण चहात साखर ढवळतो.

इथे बिल्सने काय केलं? चेंडू पार टोकाच्या पलीकडे मारला. असं केलं की घड्याळ चालूच होत नाही, आणि तेव्हा समोरचा संघ आपल्या २५ यार्डांच्या रेषेवरून खेळ सुरू करायचा. जमिनीलगत आखूड किक मारली असती, तर ती उचलून पळण्यात तीन-चार सेकंद गेले असते. मग बचावातली माणसं इतकी मागे उभी केली, की मधलं मैदान मोकळं सोडलं. हिलला १९ यार्ड मिळाले. ट्रॅव्हिस केल्सीला २५. चीफ्सकडे टाइमआऊट शिल्लक होतेच, प्रत्येक पासनंतर घड्याळ थांबलं. तीन सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून किक मारली. ३६-३६.

जादा वेळ. आणि आता तो नियम.

तेव्हा असं होतं. नाणेफेक व्हायची. जिंकणारा चेंडू घ्यायचा. त्याने फील्ड गोल मारला, तर दुसऱ्याला संधी मिळायची. पण त्याने टचडाऊन केला, तर सामना तिथेच संपायचा. दुसऱ्या संघाच्या आक्रमणाला चेंडूच मिळायचा नाही. मघाची कबड्डी आठवा. बरोबरी झाली आहे, आणि पंच म्हणतात, एका संघाने चढाई करायची, तिने मोठी कमाई केली की खेळ खलास, तुमची चढाई नाहीच. मानाल?

ॲलन ‘काटा’ म्हणाला, नाणं ‘छापा’ पडलं. माहोम्सने ७५ यार्ड चाल रचली आणि केल्सीला टचडाऊन पास दिला. ४२-३६. ॲलन बाजूला उभा राहून बघत होता. ज्याने शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा संघाला पुढे नेलं, त्याच्या हातात चेंडू आलाच नाही.

त्या सकाळी मावसबहिणीचा फोन आला, ती नुसती एवढंच म्हणाली, “नाण्याने हरवलं गं.” मी तिला म्हटलं, “ताई, नाण्याने नाही, तेरा सेकंदांनी.” आम्ही दोघी त्या दिवशी भांडलो. आज मला वाटतं, आम्ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू बोलत होतो, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आपल्याला हे काही परकं नाही. २०१९ चा क्रिकेट विश्वचषक आठवा. लॉर्ड्सवर सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, आणि चौकार-षटकार जास्त म्हणून इंग्लंड विजेता. न्यूझीलंड एका धावेनेही हरला नव्हता. काही महिन्यांतच आयसीसीने तो नियम काढून टाकला. आणि २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून आणि न्यूझीलंडकडून हरला, दोन्ही वेळा नाणेफेक हरून, तेव्हा आपणही दव आणि नाणं यांवर किती बोललो! पण पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवलं होतं. दहा गडी म्हटल्यावर नाण्याकडे किती बोट दाखवणार?

आता आकडे बघा. हा नियम बाद फेरीत २०१० च्या हंगामापासून होता. २०२१ च्या हंगामाअखेर बाद फेरीचे बारा सामने जादा वेळेत गेले, त्यांतले दहा नाणेफेक जिंकणाऱ्याने जिंकले. सात तर पहिल्याच चालीत संपले. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा आकडा नाही. नियम एका बाजूला झुकलेला होता.

पण गंमत अशी, की पुढच्याच आठवड्यात त्याच कॅन्सस सिटीत त्याच चीफ्सने जादा वेळेची नाणेफेक पुन्हा जिंकली, आणि सिनसिनाटीच्या बचावाने माहोम्सचा पास मधल्या मध्ये पकडला. मग आपल्या मॅकफर्सनने किक मारली, २७-२४. म्हणजे अन्यायी नियमाखालीही बचाव करता येत होता. सिनसिनाटीने तो केला, आम्ही नाही केला.

आणखी एक गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये हेच चीफ्स न्यू इंग्लंडविरुद्ध असेच हरले होते. माहोम्सला जादा वेळेत चेंडू मिळालाच नाही. नियम बदला, दोघांनाही संधी द्या, असा प्रस्ताव तेव्हा चीफ्सनीच मांडला होता. तो पुढे गेला नाही. हरलेला बोलला, की लोकांना ते रडगाणं वाटतं. २०२२ मध्ये प्रस्ताव आणला तो इंडियानापोलिस आणि फिलाडेल्फिया यांनी. त्या सामन्याशी दोघांचा काही संबंध नव्हता. मार्चमध्ये ३२ संघमालकांचं मतदान झालं, २९ विरुद्ध ३. बाद फेरीत दोन्ही संघांना चेंडू मिळालाच पाहिजे, असं ठरलं. २०२५ मध्ये साखळी सामन्यांनाही तेच लागू झालं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. ज्याचं नुकसान झालं त्याने ओरडून नियम बदलत नाही. ज्याचं काही गेलेलं नाही, त्याने ‘हे बरोबर नाही’ म्हटलं की बदलतो. सोसायटीच्या सभेत बघा, पंचायतीत बघा, तसंच असतं.

नवा नियम पहिल्यांदा वापरला गेला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोने नाणेफेक जिंकली, आधी चेंडू घेतला, फील्ड गोल मारला. मग चीफ्सना पाळी मिळाली, त्यांनी टचडाऊन केला, २५-२२. सामन्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी सांगितलं, की नवा नियम आम्हाला नीट माहीतच नव्हता. बघा, न्याय्य नियम आला तरी तो वाचायचं काम तुमचंच असतं.

आणि हो, त्या २०२२ च्या सामन्यानंतर चीफ्सच्या चाहत्यांनी एक केलं. बफेलोतल्या लहान मुलांच्या एका रुग्णालयाला प्रत्येकी १३ डॉलर पाठवायला सुरुवात केली. तेरा सेकंदांचे तेरा डॉलर. माझ्या ताईने मला ती बातमी पाठवली, खाली काहीही न लिहिता.

तर माझं मत एवढंच. नियम चुकीचा होता, तो बदलला हे फार चांगलं झालं. आणि आम्ही नियमामुळे नाही, तेरा सेकंद राखता आले नाहीत म्हणून हरलो. पहिलं म्हणताना दुसरं लपवायचं नाही, आणि दुसरं कबूल केलं म्हणून पहिलं सोडायचं नाही. मला वाटतं, चाहत्याने एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

बिल्स अजून सुपर बोल जिंकलेले नाहीत. जानेवारीत गजर तीनचाच लावायचा असतो. कुणाला यायचं असेल तर या, चहा मी करीन.