गडाला दुसरा दरवाजा

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी मराठ्यांच्या राज्यकारभाराविषयी जे ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले, त्यात दुर्गरचनेसंबंधी एक मार्मिक सूचना आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय. दोन-तीन दरवाजे असावेत, तशाच चोरदिंड्याही असाव्यात. नित्याच्या वहिवाटीला लागतील तेवढ्या मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे त्यांचे सांगणे. एकुलती एक वाट शत्रूने रोखली, म्हणजे धान्य, दारूगोळा आणि शूर माणसे असूनही गड निरुपयोगी ठरतो, हा त्यामागील अनुभव.

शहाजीराजांच्या जहागिरीतील बंगळूर शहरात आज निराळ्या प्रकारचे गड उभे आहेत. व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक्स सिटी अशा भागांत बाहेरून गोदामासारख्या दिसणाऱ्या काही इमारती आढळतात. आत संगणकांच्या रांगा, त्यांना थंड राखणारी यंत्रे आणि वीज गेल्यास क्षणात भार उचलणाऱ्या विद्युत्घटांच्या ओळी असतात. यांना डेटा सेंटर म्हणतात. बँकांची खाती, रुग्णालयांच्या नोंदी, प्रवाशांची आरक्षणे अशा ठिकाणी नांदतात. ‘आधार’ची दोन केंद्रेही अशीच आहेत, एक बंगळूरच्या हेब्बाळ भागात आणि दुसरे हरियाणातील मानेसर येथे. गडचिरोलीतील एखादी वृद्धा शिधावाटप दुकानातील यंत्रावर अंगठा टेकविते, तेव्हा तिची ओळख पटल्याचा निरोप अशा दूरच्या केंद्रातून यावा लागतो. निरोप आला नाही, तर पोती समोर रचलेली असूनही रिकामी पिशवी घेऊन परतण्याची पाळी तिच्यावर येऊ शकते. यंत्रांच्या जोडणीचा हा प्रश्न शेवटी त्या पिशवीशी जाऊन भिडतो.

बंगळूरला समुद्र नाही. परदेशाशी होणारा आपला बहुतेक सारा संदेशव्यवहार समुद्रतळावरील काचतंतूंच्या तारांतून चालतो आणि त्या तारा प्रामुख्याने मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. चेन्नई बंगळूरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर, तर मुंबई सुमारे एक हजार किलोमीटर. जवळची वाट स्वस्त, म्हणून सारा भार चेन्नईवर टाकण्याचा मोह होतो. परंतु १२ डिसेंबर २०१६ रोजी वर्दा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले, तेव्हा आंतरजाल मंदावल्याचा त्रास चेन्नईपुरता राहिला नाही. उलट ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन तारा तुटल्या, तेव्हा पश्चिमेकडची वाट संकटात आली. ज्यांनी पूर्वेकडून पॅसिफिक महासागरावाटे जाण्याची तजवीज केली होती, त्यांना त्याही दिवशी काम चालविता आले. एक वाट पूर्वेची व एक पश्चिमेची असावी, हा धडा दोन्ही घटनांतून मिळतो.

मात्र दोन वाटा विकत घेतल्या म्हणजे दोन वाटा मिळाल्याच, असे नव्हे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांचे दुवे होते. तरीही दोहोंत एकाच वेळी बिघाड झाला. दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेले खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण म्हणून पुढे आले. करारपत्रे दोन, देयके दोन, पण कुदळीला कंपन्यांची नावे वाचता येत नाहीत. ज्या बंगळुरात पाण्याची नळी, विजेची तार, मेट्रोचा खांब यांपैकी कशासाठी ना कशासाठी रस्ता उकरलेला असतो, तेथे ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

म्हणून निवड करणाराने पहिला प्रश्न दराचा न विचारता नकाशाचा विचारावा. दोन्ही तारा इमारतीत कोणत्या बाजूने शिरतात? त्या एकाच पुलावरून वा एकाच चरातून जातात काय? दुसऱ्या कंपनीने पहिलीचाच तंतू भाड्याने घेतलेला नाही ना? दोन्ही टोकांची यंत्रे एकाच खोलीत, एकाच विजेवर चालतात काय? निविदेत ‘दोन स्वतंत्र जोडण्या’ एवढेच लिहिले, तर सर्वांत कमी दर बहुधा एकाच चराचा असतो. स्वतंत्र मार्ग म्हणजे काय, हे निविदेतच स्पष्ट लिहावे आणि मार्गाचा नकाशा कराराला जोडून घ्यावा.

दुसरा प्रश्न एका वाटेवरून दुसरीवर वळण्याचा. हे काम राउटर नावाचे यंत्र करते. जगातील मोठमोठी जाळी परस्परांना वाटा सांगतात, त्या परिभाषेला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल म्हणतात. तिचा पहिला आराखडा याकोव्ह रेख्टर आणि कर्क लॉकीड या दोघा अभियंत्यांनी जानेवारी १९८९ मध्ये जेवणाच्या वेळी हात पुसण्याच्या कागदांवर रेखाटला. प्रत्येक स्वायत्त जाळ्याला एक क्रमांक असतो. ‘अमुक पत्ते माझ्याकडून गाठता येतील’ असे ते शेजाऱ्यांना सांगते, शेजारी पुढच्यांना सांगतात. शेजारी गप्प झाला की ठराविक वेळ वाट पाहून त्याची वाट सोडून दिली जाते. प्रचलित नियमात सुचविलेला हा अवधी ९० सेकंदांचा आहे. तो कमी करण्याचे उपायही आहेत.

लहान संस्थेने एकाच कंपनीकडून दोन तारा घेतल्या, तर व्यवस्था सोपी होते. पण ती कंपनीच अडचणीत आली तर दोन्ही बुडतात. दोन कंपन्या घ्यावयाच्या, तर संस्थेला स्वतःचा क्रमांक आणि निदान २५६ पत्त्यांचा स्वतःचा गट लागतो. त्याहून लहान गटाची घोषणा जगातील जाळी सहसा पुढे नेत नाहीत. भारतात हे क्रमांक व पत्ते आय.आर.आय.एन.एन. ही नोंदणी व्यवस्था देते. येथे एक मर्यादा ओळखली पाहिजे. घराबाहेर जाताना कोणत्या दरवाजाने जावे, हे घरधनी ठरवितो. पाहुण्याने कोणत्या दरवाजाने यावे, याची मात्र त्याला विनंतीच करता येते. एका वाटेवर आपला क्रमांक पुनःपुन्हा उच्चारून ती लांब भासवावी, ही अशीच एक विनंती.

सावधगिरीही हवी. एका कंपनीकडून ऐकलेल्या वाटा दुसरीला सांगितल्या, तर आपले लहानसे घर हमरस्ता बनते. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेत फ्लोरिडामधील एका सेवादात्याच्या राउटरने चुकीच्या वाटा जाहीर केल्या आणि आंतरजालाचा मोठा भाग विस्कळीत झाला. आपल्याच पत्त्यांची घोषणा करावी, इतरांच्या नव्हे, हा निर्बंध म्हणूनच पहिल्या दिवशी घालावा.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालवाव्यात की एक राखीव ठेवावी, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही चालू ठेवल्या तर पैसा पडून राहत नाही आणि बिघाड लगेच कळतो. पण त्यात एक फसगत आहे. प्रत्येक वाट सत्तर टक्के भरू दिली, तर एक तुटताच दुसरीवर एकशे चाळीस टक्के भार येऊन तीही कोलमडेल. प्रत्येकीवर निम्म्याहून कमी भार ठेवण्याचा संयम ज्याला पाळता येईल, त्यानेच दोन्ही चालवाव्यात.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास जगातून नाहीसे झाले. तारा तुटल्या नव्हत्या. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने अंतर्गत जाळे तुटले आणि वाटांच्या घोषणा मागे घेतल्या गेल्या. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांनाच आत शिरणे अवघड झाले. म्हणून चालकाला आत जाण्याची एक वाट सर्वस्वी वेगळी असावी. तिच्यासाठी साधी भ्रमणध्वनीची जोडणीही पुरते.

अमात्यांच्या काळी चिणलेली दिंडी संकटकाळी फोडता येत असे. आजच्या गडाला ती सोय नाही. कधीही न उघडलेला दरवाजा ऐन वेळी उघडेल, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. ज्या संस्थेचा अधिकारी वर्षातून काही वेळा, पूर्वसूचना देऊन, स्वतःच्या हाताने पहिली तार काढतो आणि काम चालू राहते की नाही हे पाहतो, त्याच संस्थेला दुसरा दरवाजा आहे असे म्हणावे. बाकीच्यांकडे दरवाजाचे चित्र आहे. शिधावाटप दुकानात अंगठा टेकवून उभ्या असलेल्या वृद्धेला त्या चित्राचा काहीच उपयोग नाही.